स्वारामागचे हात



अश्वारूढ पुतळे आपण सर्वांनी पाहिले आहेत. मराठी माणूस ज्या ज्या शहरी जाऊन वसला, तेथल्या एखाद्या चौकात असा पुतळा बहुधा असतोच. घोड्याचा एक पाय उचललेला, मान बाकदार, आणि वर स्वाराची दृष्टी दूर कोठे तरी लागलेली. मात्र त्या घोड्याच्या पायाशी पाण्याची बादली घेऊन उभा राहिलेला मोतद्दार कोणा शिल्पकाराने घडविल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शिल्पकाराला त्याबद्दल दोष देता येत नाही; चौथऱ्यावर जागा थोडी असते. परंतु घोड्यावरून लांबचा प्रवास होतो कसा, हे समजून घ्यावयाचे तर स्वाराला घटकाभर बाजूला ठेवून त्या बादलीकडेच पाहावे लागते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भरधाव दौड उभी राहते. ती दिसते देखणी, पण तिने फार लांबचा पल्ला गाठता येत नाही. दूरच्या वाटेवर उपयोगी पडतात त्या दोन चाली : एक पावली चाल आणि दुसरी दुडकी. पावली चालीने घोडा तासाला सहा-सात किलोमीटर जातो, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या फारसा पुढे नाही. दुडकीने त्याच्या सुमारे दुप्पट. महिनोन्‌महिने चालावयाचे असेल, तर दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर आणि आठवड्यातून एखादा दिवस संपूर्ण विसावा, हा अनुभवी प्रवाशांचा साधारण हिशेब आहे. मोठ्या उतारावर जाणता स्वार खाली उतरतो आणि लगाम हाती घेऊन घोड्याबरोबर पायी चालतो. पाहणाऱ्यास वाटते, घोडा असून हा चालतो काय! पण त्या अर्ध्या तासाची परतफेड घोडा संध्याकाळी करतो.

या प्रवासाचे विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेले उदाहरण एका शाळामास्तराचे आहे. व्यवसायबंधू म्हणून त्याच्याविषयी मला थोडा जास्त जिव्हाळा वाटला, तर श्रोत्यांनी क्षमा करावी. एमे चिफेली हा मूळचा स्वित्झर्लंडचा. अर्जेंटिनातील एका शाळेत तो शिकवीत असे. १९२५ च्या एप्रिलमध्ये तो ब्वेनोस आयरीसहून निघाला आणि १९२८ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला पोहोचला. अंतर सुमारे दहा हजार मैल. बरोबर ‘मांचा’ आणि ‘गातो’ नावाचे दोन घोडे. क्रिओल्लो या तेथल्या काटक जातीचे, दिसावयास ओबडधोबड, आणि वयाने पंधरा वर्षांच्या घरातले, म्हणजे घोड्याच्या मानाने प्रौढच. एकावर स्वार आणि दुसऱ्यावर सामान, अशी पाळी लावून त्याने अँडीज पर्वत ओलांडला, पेरूच्या किनाऱ्यावरचे वाळवंट ओलांडले आणि मध्य अमेरिकेतील रानेही पार केली. कोलंबिया आणि पनामा यांच्यामधील दलदल मात्र घोड्यांना अशक्य, म्हणून तेवढा टप्पा त्याला बोटीने काढावा लागला.

चिफेली एकटा गेला, असे आपण म्हणतो. ते खरेही आहे आणि नाहीही. त्याच्यामागे पगारी माणसांचा ताफा नव्हता. मोतद्दार, नालबंद, वैद्य, स्वयंपाकी, सारे तोच होता. पण वाटेत प्रत्येक मुक्कामी कोणी तरी दाणावैरण दिली, कोणी पाण्याची जागा दाखविली, कोणी वाटाड्या म्हणून दोन दिवस बरोबर आले. मेक्सिकोत गातो जखमी झाला, तेव्हा त्याला आगगाडीने राजधानीस पाठवून तेथे बरे करावे लागले. पुढे अमेरिकेत सेंट लुइस येथे मोटारींची वर्दळ इतकी वाढली, की दोन घोडे सांभाळीत जाणे धोक्याचे झाले. गातोला तेथेच ठेवून तो एकट्या मांचावर पुढे गेला. आपण मुक्कामी घोड्यांना बांधून ठेवीत नसू, मोकळे सोडले तरी ते सकाळी जवळपासच सापडत, असे त्याने लिहून ठेवले आहे. मला त्या साऱ्या प्रवासातील हीच गोष्ट अधिक मोठी वाटते. दहा हजार मैलांच्या आकड्यापेक्षाही मोठी.

आता घोड्याच्या शरीराकडे वळू. तो दिसतो बलदंड, पण आतून बराच नाजूक प्राणी आहे. त्याच्या पाठीवर किती ओझे घालावे? जाणकार सांगतात, स्वार, जीन आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये. चारशे किलोचा घोडा असेल तर ऐंशी किलो. त्यातही ओझ्यापेक्षा ते बसविले कसे, याला महत्त्व अधिक. खोगिराखालच्या घोंगडीला एक चुणी पडली, तंगात एक काटा राहिला, की दोन तासांत पाठ लागते. आणि पाठ लागलेला घोडा पंधरा-पंधरा दिवस ठाणावरून हलविता येत नाही. आपल्या भाषेत निरुपयोगी गर्दीस ‘खोगीरभरती’ म्हणतात. वास्तविक खोगिरात भरलेला तो पेंढाच घोड्याची पाठ आणि स्वाराचा प्रवास या दोन्ही गोष्टी वाचवितो. ज्याने हा वाक्प्रचार प्रथम काढला, त्याने स्वतः कधी खोगीर कसले नसावे.

घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. निसर्गाने त्याला दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरण्यासाठी घडविले आहे. एकदम पोटभर चंदी चारून लगेच हाकला, तर त्याला पोटशूळ उठतो. आणि घोड्याला ओकारी काढता येत नसल्यामुळे हा शूळ प्राणावर बेततो. म्हणून तोबरा कधी लावावयाचा आणि कधी काढावयाचा, याचे वेळापत्रक स्वाराच्या जेवणाच्या आधी ठरवावे लागते.

पण सर्वांत विलक्षण गोष्ट आहे ती घामाची. माणसाप्रमाणे घोडाही सर्वांगातून घाम गाळतो. कडक उन्हात श्रम पडले तर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी त्याच्या अंगातून निघून जाते. आपला घाम रक्तापेक्षा पातळ असतो. पाणी अधिक जाते, मीठ कमी जाते, त्यामुळे रक्त दाट होऊन आपल्याला तहान लागते. घोड्याच्या घामात मात्र मीठ भरपूर असते. पाण्याबरोबर क्षारही तितकेच निघून गेल्यामुळे, शरीर सुकत चालले तरी तहानेची खूण मेंदूपर्यंत नीट पोहोचतच नाही. ज्या क्षणी त्याला पाण्याची सर्वांत अधिक गरज असते, नेमका त्याच क्षणी घोडा बादलीपुढे मान फिरवून उभा राहू शकतो. म्हणून लांबच्या वाटेवर त्याला पाण्याबरोबर क्षारही द्यावे लागतात. कातडीची चिमूट धरून ती किती वेगाने परत बसते, हिरडीवर बोट दाबल्यावर रंग किती क्षणांत परततो, कुशीला कान लावल्यावर आतड्यांची गुरगुर ऐकू येते की नाही, हे कोणी तरी पुन्हा पुन्हा पाहावे लागते. स्वार थकलेला असतो. त्याला स्वतःच्या गुडघ्यांपलीकडे फारसे काही जाणवत नाही. हे दुसऱ्याच कोणी तरी पाहावयाचे असते.

या ठिकाणी मला बेळगावची एक दुपार आठवते. माझ्या लहानपणी तेथे स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. आमच्या ओळखीचे एक टांगेवाले मामा होते. रविवारी मिस्सा आटोपून आजीला घरी न्यावयाचे ते त्यांच्याच टांग्यातून, हा आमच्या घरचा शिरस्ता. मे महिन्यातल्या एका दुपारी चढावर त्यांचा घोडा थांबला आणि पाहता पाहता गुडघ्यांवर बसला. अंगावर पांढरा फेस, नाकपुड्या फुललेल्या. शेजारच्या घरातून कोणी पाण्याची घागर आणली. मामांनी ती हाताने दूर सारली. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर तर मुळीच ओतू नये, नाही तर तो आखडतो, असे त्यांच्या बापाने त्यांना शिकविले होते. ते त्याच्या तोंडाशी बसून, खांद्यावरच्या टॉवेलाने वारा घालीत राहिले. संध्याकाळी घोडा गेला. मामा निर्दय नव्हते. त्या जनावराच्या चंदीसाठी स्वतःच्या घरी उधारी करणारा तो माणूस. त्या घागरीने घोडा वाचला असता, असे मी म्हणत नाही. तो वयाने उतरला होता आणि चढ मोठा होता. पण ती दूर सारलेली घागर अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मामांची ही समजूत जगभर होती. युरोपातील मोठमोठ्या पागांतही हेच शिकवीत. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. तेथला उन्हाळा उष्ण आणि दमट, म्हणून घोड्यांचे काय होईल या चिंतेने शास्त्रज्ञांनी आधी काही वर्षे प्रयोग केले. त्यांत असे दिसून आले, की तापलेल्या घोड्याच्या सर्वांगावर भरपूर थंड पाणी सतत ओतल्याने त्याचे स्नायू आखडत नाहीत. उलट अंगातील उष्णता झपाट्याने उतरविण्याचा हाच सर्वांत चांगला उपाय आहे. पिणे थांबविण्याचेही कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत एका बादलीने खोटी पाडली.

ही बादली कशी काम करते ते पाहावयाचे असेल, तर कॅलिफोर्नियातील एका शर्यतीकडे जाऊ. ऑबर्न या गावी वेंडेल रॉबी नावाचे लाकडाचे व्यापारी होते. आजकालचे घोडे एका दिवसात शंभर मैल जाऊ शकत नाहीत, असे लोक म्हणू लागले तेव्हा त्यांनी १९५५ साली काही सोबती घेऊन ते करून दाखविले. टाहो सरोवराच्या बाजूने निघावयाचे, सिएरा नेवाडाची धार ओलांडावयाची, पुढे खोल दऱ्यांतून उतरावयाचे आणि चोवीस तासांच्या आत ऑबर्न गाठावयाचे. हीच पुढे ‘टेव्हिस कप’ म्हणून प्रसिद्ध झाली. पहाटे डोंगरात गारठा असतो; दुपारी दऱ्यांच्या तळाशी भट्टी पेटलेली असते. त्यानंतर रात्र. अरुंद पायवाट, एका बाजूला कडा, आणि स्वाराला घोड्याचे कानही दिसत नाहीत अशा अंधारात सगळा भरवसा घोड्याच्या पावलावर. शर्यत जिंकणे दूरच. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात.

वाटेत दोन मोठे मुक्काम आहेत. तेथे प्रत्येक घोड्याला एक-एक तास सक्तीने थांबवितात. स्वाराची माणसे आधीच मोटारीने तेथे येऊन बसलेली असतात : एखादी बहीण, नवरा, शेजारी, आणि बहुधा एखादा शाळकरी मुलगा. घोडा आला, की कोणी स्वाराचे अभिनंदन करीत नाही. एकजण तंग सैल करतो, दुसरा जीन उतरवितो, तिसरा मानेवर आणि पायांच्या आतल्या बाजूला, जेथे मोठ्या शिरा कातडीलगत असतात तेथे, पाणी ओततो आणि हाताने निपटून काढतो. निपटून काढावयाचे ते यासाठी, की अंगावर राहिलेले पाणी तापते आणि मग उष्णता धरून ठेवते, अशी समजूत आहे.  कोणी भिजवलेली चंदी पुढे ठेवतो, कोणी नाल तपासतो. संध्याकाळच्या मुक्कामी वारा गार असेल, तर मागच्या पुठ्ठ्यांवर कांबळे घालतात, कारण दमलेला स्नायू गारठला की जखडतो. स्वाराच्या हातात कोणी तरी पाव कोंबतो. तो उभ्याउभ्याच खातो.

मग घोडा पशुवैद्यापुढे न्यावयाचा. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस ठोके असते. श्रमाने ती कितीतरी चढते. ठरलेल्या वेळात ती साधारण साठ-चौसष्टपर्यंत उतरली पाहिजे. त्यानंतर घोड्याला सरळ रेषेत दुडकीने पळवून आणतात आणि वैद्य त्याच्या डोक्याकडे पाहतो. दुखऱ्या पुढच्या पायावर भार येताना घोडा डोके उंच करतो. चांगल्या पायावर येताना ते खाली जाते. तेवढ्या एका हालचालीवरून निर्णय होतो. वैद्याने मान हलविली, की प्रवास संपला. स्वाराने वर्षभर तयारी केलेली असो, सहाशे मैलांवरून घोडा आणलेला असो, तेथे अपील नाही. शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासणी चुकत नाही. घोडा आणखी पुढे जावयास योग्य ठरला तरच ती मजल पुरी झाली असे मानतात. आणि पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम, त्याला वेगळा चषक आहे. जाणकार मंडळी पहिल्या क्रमांकापेक्षा त्या चषकाकडे अधिक डोळे लावून असतात.

याच वाटेवर १९७३ साली गॉर्डी एन्स्ली नावाच्या तरुणाचा घोडा लंगडला आणि बाद झाला. पुढल्या वर्षी या गृहस्थाने घोडा आणलाच नाही. तो घोड्यांच्या बरोबरीने स्वतःच पायी धावत सुटला आणि चोवीस तासांच्या आत शंभर मैल पुरे करून ऑबर्नला आला. माणसांच्या शंभर मैलांच्या धावशर्यतींचा उगम तेथून सांगतात. असो, हे थोडे विषयांतर झाले.

सगळीकडेच असे चांगले घडते असे मात्र नाही. २०१८ साली अमेरिकेतील ट्रायॉन येथे जागतिक अश्वक्रीडा स्पर्धांत लांब पल्ल्याची शर्यत होती. सकाळी निघताना गोंधळ होऊन शर्यत नव्याने सुरू करावी लागली, आणि मग ऊन व दमटपणा इतका वाढला की ती मध्येच रद्द झाली. पन्नासांहून अधिक घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एक घोडा दगावला. तेथेही वैद्य होते, बादल्या होत्या, मदतनीसांचे ताफे होते. पण हवामान पाहून वेळीच ‘आज नको’ म्हणण्याचे काम बादली करू शकत नाही. इतर ठिकाणच्या सपाट, वेगवान शर्यतींत तर वेगाच्या हव्यासापायी पाय मोडून घोडे मेल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. जेथे घोडा एकाचा, स्वार दुसरा आणि बक्षीस तिसऱ्याचे, तेथे त्या जनावराची बाजू घेणारा माणूस शोधावा लागतो.

आपल्या इतिहासात हा प्रश्न मोठ्या मार्मिक रीतीने पुढे येतो. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याच्या घरचा. घोडा मेला की शिलेदाराची रोजी गेली. त्यामुळे रणात तो घोड्याला जपतो, अशी तक्रार होई. सेनापतीच्या दृष्टीने ती तक्रार रास्त असेल. घोड्याच्या दृष्टीने काय असेल, ते कोणी विचारले नाही. १७२८ साली पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले, त्याचे एक मोठे कारण निजामाच्या जड तोफा मागे रेंगाळत होत्या आणि बाजीरावाची हलकी घोडदळे मुलूखभर फिरून आली होती. याउलट १७६१ साली पानिपतावर फौजेबरोबर न लढणाऱ्यांची प्रचंड गर्दी होती आणि दाणावैरण तुटल्यामुळे युद्धाआधीच घोडी उपाशी मेली. या गर्दीला आपण तुच्छतेने ‘बाजारबुणगे’ म्हणतो. त्यांत यात्रेकरू होते, व्यापारी होते; तसेच गवत कापणारे, घोड्यांना खरारा करणारे आणि नाल ठोकणारेही होते. एकाच शब्दाखाली सारे गाडले गेले. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगावयास नको. त्यांच्या शहरातला ‘लष्कर’ हा भाग मूळचा दौलतराव शिंद्यांच्या छावणीचाच, आणि छावणीत लढणाऱ्यांपेक्षा राबणारे कमी नसतात.

त्या फौजांचे घोडे भीमेच्या खोऱ्यातले, भीमथडी म्हणून नावाजलेले. उंचीने बेताचे, खुरांचे टणक, थोड्या चाऱ्यावर भागविणारे. फौजा गेल्या, पण भीमथडी घोडा गेला नाही. तो धनगरांनी सांभाळला. इंदूरच्या श्रोत्यांना यात काही नवल वाटू नये, कारण मल्हारराव होळकर याच समाजातले. दरवर्षी पावसाळा सरला की पठारावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात. या फिरत्या बिऱ्हाडाला ‘वाडा’ म्हणतात. पुरुष मेंढ्यांबरोबर पुढे जातात. संसार येतो घोड्यांवर, आणि ते घोडे बहुधा बायकांच्या हाती असतात.

काही वर्षांपूर्वी भोरच्या बाजूला असा एक वाडा उतरताना मी पाहिला. संध्याकाळ होत आली होती. एका घोडीवर भांडी, वाकळा, जाळीचा गुंडाळा, वर दोन कोंबड्या आणि टोपलीत नुकतीच जन्मलेली तीन कोकरे, एवढा पसारा होता. मी शहरी माणूस. प्रथम चूल पेटेल, पोरांना काही तरी खावयास मिळेल, असे मला वाटले. पोरे खरोखरच रडत होती. पण त्या बाईने आधी घोडीचा दोर सोडला, पसारा एक एक करून उतरविला, घोंगडी काढून झटकली आणि मग उघड्या पाठीवरून, मानेपासून थेट पुठ्ठ्यापर्यंत, आपला तळहात सावकाश फिरविला. एका जागी तो थांबला. तिने वाकून पाहिले, दोन बोटांनी केस बाजूला केले, आणि थोरल्या मुलीला हाक मारून म्हणाली, “हळद आण गं. आणि उद्या भांडी त्या दुसऱ्या घोडीवर.”